शिळ्या पावाची साक्ष : स्पेनमधील तोरिखा आणि तिचा इतिहास



इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि दफ्तरे येतात. स्वयंपाकघरात तयार होणारा पदार्थ हेही इतिहासाचे साधन असू शकते, हे आपल्याला सहसा सुचत नाही. या टिपणात आपण असा एकच पदार्थ घेणार आहोत. तो स्पेनमधला आहे. त्याचे नाव तोरिखा. शिळ्या पावाचे जाड काप गोड दुधात भिजवायचे, फेटलेल्या अंड्यात बुडवायचे, तेलात तळायचे आणि साखर-दालचिनीत घोळवायचे, एवढीच ती कृती. स्पेनमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, आणि विशेषतः पवित्र सप्ताहात, घरोघरी तोरिखा होते.

या पदार्थाबद्दल तीन विधाने वारंवार ऐकायला मिळतात. पहिले, १५ व्या शतकात मठांतील नन मंडळींनी तो शोधून काढला. दुसरे, तो मुळात उपवासाचा पदार्थ आहे. तिसरे, तो गरिबांचा पदार्थ आहे, कारण त्यात शिळा पाव वाया न घालवता वापरला जातो. तिन्ही विधाने ऐकायला गोड आहेत आणि सहज पटतात. सहज पटणाऱ्या विधानांची तपासणीच इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी करायची असते. मी अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. एखादे यंत्र समजून घ्यायचे तर आम्ही ते उघडतो, एकेक भाग वेगळा करून टेबलावर मांडतो आणि प्रत्येक भाग तिथे का आहे हे विचारतो. पाककृतीलाही तीच पद्धत लावून पाहू.

१. प्रथम कृती

सुमारे आठ तोरिखांसाठी लागणारे साहित्य असे : एक-दोन दिवसांचा, न कापलेला, भरीव पाव, अर्धा ते पाऊण लिटर दूध, ७५ ग्रॅम साखर, दालचिनीची एक काडी, लिंबाच्या सालीची एक पातळ पट्टी, दोन-तीन अंडी, तळण्यासाठी तेल. वरून घोळवण्यासाठी अर्धी वाटी साखर आणि चमचाभर दालचिनीची पूड.

दुधात साखर, दालचिनी आणि लिंबाची साल घालून मंद आचेवर एक उकळी आणावी. सालीचा वरचा रंगीत थरच घ्यावा, आतला पांढरा भाग कडू असतो. गॅस बंद करून दूध झाकून ठेवावे आणि कोमट झाल्यावर गाळून घ्यावे. पावाचे दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीचे काप पसरट भांड्यात ठेवून त्यांवर दूध ओतावे. दहा-पंधरा मिनिटांत, मध्ये एकदा उलटून, काप दूध पिऊन घेतात. मग ते चाळणीवर निथळत ठेवावेत. एकेक काप हलक्या हाताने उचलून फेटलेल्या अंड्यात दोन्ही बाजूंनी बुडवावा आणि लगेच सुमारे १७५ अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात सोडावा. थर्मामीटर नसेल तर पावाचा लहान तुकडा टाकून पाहावा. तो लगेच वर येऊन कडेने बुडबुडे आले की तेल तयार आहे. दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की काप कागदावर काढून, गरम असतानाच साखर-दालचिनीत घोळवावेत. स्पेनमध्ये तोरिखा कोमट खातात, थंडही खातात. दुधाऐवजी गोड केलेल्या वाइनमध्ये भिजवलेल्या आणि वरून मधाचा पाक घातलेल्या तोरिखाही तिथे होतात.

येथे एक तांत्रिक मुद्दा ध्यानात घ्या. दूध आणि अंडे एकत्र फेटलेले नाही. आधी दूध, नंतर अंडे, असा क्रम आहे. दूध कापाच्या आत जाते, अंडे बाहेर राहते. तेलात पडताक्षणी अंड्यातील प्रथिने गोठतात आणि कापाभोवती एक पातळ कवच तयार होते. त्यामुळे बाहेरून खमंग आणि आतून खिरीसारखी मऊ अशी तोरिखा मिळते.

२. शिळाच पाव का?

काटकसर हे याचे नेहमीचे उत्तर. पण त्याआधी एक भौतिक उत्तर आहे. मी पहिल्यांदा तोरिखा केली ती दुकानातून आणलेल्या ताज्या, कापलेल्या ब्रेडची. दुधात टाकल्यावर पाचव्या मिनिटाला भांड्यात लापशी उरली होती. वर्गात पदार्थांचे बल शिकवणाऱ्या माणसाला हा अपघात आधी कळायला हवा होता, असे घरच्यांचे मत पडले आणि ते बरोबर होते.

पाव शिळा होणे म्हणजे केवळ वाळणे असा आपला समज असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जाँ-बातिस्त बूसँगो याने १८५२ मध्ये दाखवून दिले की आर्द्रता बाहेर जाऊ न देता ठेवलेला पावही शिळा होतो आणि पुन्हा गरम केल्यास तो काही काळ मऊ होतो. म्हणजे बदल पाण्याच्या प्रमाणापुरता नाही, रचनेतही आहे. भट्टीत भाजताना पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची मूळची स्फटिकरूप मांडणी मोडते. पाव थंड होऊ लागला की हे रेणू पुन्हा ओळीने जुळू लागतात. स्टार्चमधील अमायलोज हा घटक काही तासांत आणि अमायलोपेक्टिन हा घटक काही दिवसांत. या पुनर्रचनेमुळे पावाचा गर ताठ होतो. असा ताठ झालेला आणि थोडा सुकलेला गर दूध भरपूर पितो, तरी विरघळत नाही. थोडक्यात, शिळेपणा हा येथे दोष नसून कृतीची गरज आहे.

सूचना : दमट हवेच्या गावी पाव उघडा ठेवला तर शिळा होण्याआधीच त्याला बुरशी येऊ शकते. बुरशी आलेला पाव खराब झालेला असतो, तो टाकून द्यावा. फ्रिजच्या तापमानाला स्टार्चची पुनर्रचना वेगाने होते, म्हणून काप करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तर काम सोपे होते.

३. सर्वांत जुना पुरावा

आता कागदपत्रांकडे वळू. अपिकियस या नावाने ओळखला जाणारा लॅटिन पाककृतींचा एक संग्रह आहे. आज उपलब्ध असलेले त्याचे रूप साधारण इसवी सनाच्या ४ थ्या-५ व्या शतकातले मानले जाते. त्याच्या सातव्या भागात गोडाच्या पदार्थांमध्ये एक छोटी कृती येते. तिला स्वतंत्र नावही नाही, ‘गोडाचा आणखी एक प्रकार’ एवढाच मथळा. उत्तम गव्हाच्या पांढऱ्या पावाची कड काढावी, मोठे तुकडे करावेत, दुधात भिजवावेत, तेलात तळावेत आणि वर मध घालून वाढावेत, असा तिचा आशय.

या कृतीत तीन गोष्टी पाहा. अंडे नाही. साखर नाही, मध आहे. आणि पाव कोणताही चालणार नाही, तो बारीक दळलेल्या, चाळलेल्या पिठाचा पांढरा पाव हवा. असा पाव रोमन समाजात सुखवस्तू घरांत खाल्ला जाई. गरिबाच्या ताटात कोंड्यासह जाडाभरडा पाव असे. शिवाय पाव शिळा असावा असे या कृतीत कुठे म्हटलेले नाही. म्हणजे आपल्या हाती असलेला सर्वांत जुना लेख काटकसरीबद्दल बोलत नाही. तो श्रीमंत घरच्या गोडाबद्दल बोलतो.

येथे घाई करू नका. स्पेन रोमन साम्राज्याचा भाग होता, म्हणून तोरिखा थेट रोमहून आली असे म्हणण्याचा मोह होतो. पण दोन पदार्थांतील साम्य हा वंशावळीचा पुरावा होत नाही. आपल्याकडचा शाही तुकडा किंवा हैदराबादचा ‘डबल का मीठा’ घ्या. त्यांतही पाव, तळण, दूध आणि गोडी आहे. म्हणून ते तोरिखाचे वंशज ठरत नाहीत. जिथे पाव, दूध, स्निग्ध पदार्थ आणि गोडी ही चार साधने असतात, तिथे माणसे स्वतंत्रपणेही त्याच उत्तराला पोहोचू शकतात. अपिकियसची कृती एवढेच सिद्ध करते की ही कल्पना १५ व्या शतकाच्या कितीतरी आधी माहीत होती. तेवढ्यानेही ‘१५ व्या शतकात ननांनी शोध लावला’ या पहिल्या विधानाचा पाया ढासळतो. मठांतील नन मंडळींनी स्पेनच्या मिठाईला फार मोठे योगदान दिले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ‘उत्तम करणे’ आणि ‘शोधून काढणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. सालामांका, १४९६ : बाळंतिणीचे खाणे

यापुढचे आपले पुरावे योगायोगाने एकाच शहराभोवती जमतात. सालामांका हे स्पेनच्या पश्चिमेकडचे, तोर्मेस नदीवरचे जुने विद्यापीठाचे शहर. हुआन देल एन्सिना हा कवी, संगीतकार आणि नाटककार तेथे शिकला. त्याचा काव्यसंग्रह १४९६ मध्ये सालामांकातच छापला गेला. त्यातील नाताळच्या एका गीतात मेंढपाळ नुकत्याच प्रसूत झालेल्या मरियेला भेट न्यायच्या वस्तूंची नावे घेतात. त्या यादीत मध आणि पुष्कळ अंडी आहेत, आणि ती कशासाठी तर तोरिखा करण्यासाठी. एन्सिना ‘तोर्रेखा’ असे रूप वापरतो. अमेरिका खंडातील स्पॅनिश भाषक देशांत आजही हेच रूप चालते.

हा पुरावा नीट वाचा. प्रसंग उपवासाचा नाही, बाळंतपणाचा आहे. मेंढपाळांना मरियेचे दैवतपण ठाऊक आहे, तरी ते तिला गावातल्या कोणत्याही बाळंतिणीसारखेच वागवतात; तिच्यासाठी जे न्यायची रीत आहे तेच नेतात. म्हणजे १४९६ मध्ये श्रोत्यांना ‘बाळंतीण आणि तोरिखा’ ही जोडी समजावून सांगावी लागत नव्हती. शेजारच्या पोर्तुगालमध्ये याच जातीच्या पदार्थाला राबानादा म्हणतात, आणि त्याचे दुसरे नाव ‘फातियाश द पारिदा’ म्हणजे अक्षरशः ‘बाळंतिणीचे काप’ असे आहे. कवितेतील उल्लेख आणि शेजारच्या भाषेतील नाव हे दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर त्या गोष्टीचे वजन वाढते.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेजारणीने आणून दिलेला तुपातला शिरा हे आपल्या घरांत आहेच. रक्तस्राव आणि श्रम झालेल्या, अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रीला थोड्या घासात जास्त शक्ती हवी असते. दूध, अंडी, मध आणि तळलेला पाव हे स्पेनच्या खेड्यातले त्याला दिलेले उत्तर होते. आणखी एक बाब. बाळंतिणीसाठी गोळा करून आणलेली अंडी आणि मध ही ‘उरलेली’ साधने नाहीत. ती जपून ठेवलेली, मुद्दाम दिलेली साधने आहेत.

५. उपवासाचे कोडे

मग हा पदार्थ उपवासकाळात कसा आला? येथे खरे कोडे आहे. ख्रिस्ती उपवासकाळ ईस्टरपूर्वी सुमारे चाळीस दिवसांचा असतो. आज आपण त्याचा अर्थ ‘मांस वर्ज्य’ असा घेतो. मध्ययुगात नियम अधिक कडक होते. प्राण्यापासून येणारे म्हणून दूध, लोणी, चीज आणि अंडीही वर्ज्य होती. १३ व्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात उपवासाची चर्चा करताना या निषेधाची कारणमीमांसा केली आहे. या नियमानुसार दूध आणि अंडी घातलेली तोरिखा उपवासाला चालणारच नाही. ती ‘मुळात उपवासाचा पदार्थ’ आहे हे दुसरे विधान येथे अडखळते.

कोडे सोडवायला स्पेनच्या राजकीय इतिहासात जावे लागते. मुस्लिम सत्तांविरुद्धच्या युद्धांसाठी पैसा उभा करावा म्हणून पोपने स्पेनच्या राजांना एक विशेष सवलतपत्र विकण्याची मुभा दिली होती. त्याला क्रुसाडाचा बुला म्हणत. ठरलेली रक्कम भरून हे छापील पत्र घेणाऱ्याला आध्यात्मिक पुण्याबरोबर एक व्यावहारिक सवलत मिळे : उपवासकाळात दूध आणि अंडी खाण्याची परवानगी. युद्धे संपली तरी पत्रांची विक्री थांबली नाही. ती राजाच्या उत्पन्नाची कायमची बाब झाली आणि ही प्रथा थेट २० व्या शतकापर्यंत टिकली. सुरुवातीच्या छपाईच्या काळात ही पत्रे छापणे हा मोठा धंदा होता. व्हायादोलिद आणि तोलेदो येथील दोन मठांकडे त्याचा मक्ता होता.

या विक्रीचे सामाजिक रूप पाहायचे असेल तर १५५४ मध्ये प्रसिद्ध झालेली, लेखकाचे नाव नसलेली ‘लासारिल्यो दे तोर्मेस’ ही छोटी कादंबरी वाचा. तिचा नायक सालामांकाजवळ तोर्मेस नदीवरच्या पिठाच्या गिरणीत जन्मलेला गरीब मुलगा आहे. एकामागून एक मालकांकडे तो चाकरी करतो. त्याचा पाचवा मालक म्हणजे हाच बुला विकणारा एक लबाड विक्रेता. गावकरी पत्रे घेईनात, तेव्हा तो खोटा चमत्कार घडवून आणतो. कादंबरी म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे, हे खरे. पण वाचक हसावेत असे लेखकाला वाटत असेल, तर तो प्रकार वाचकांच्या ओळखीचा असला पाहिजे.

आता दुवा जोडा. परवानगी विकत मिळू लागल्यावर दूध-अंड्यांचे पदार्थ उपवासकाळच्या ताटात उघडपणे येऊ शकले. मांस नसलेले पण पोटभरीचे, दिवसभराच्या मिरवणुका आणि जागरणांना पुरून उरणारे असे खाणे लोकांना हवेच होते. तोरिखा या जागी चपखल बसली. तेव्हा तोरिखा आणि उपवास हे नाते नैसर्गिक किंवा अनादी नाही. ते कायदा, सवलत आणि राजाचा महसूल यांच्या मधून तयार झालेले नाते आहे, असे अनुमान आपण काढू शकतो.

स्पेनच्या सर्व भागांत हे नाते सारखे नाही, हेही या अनुमानाला पूरक आहे. उत्तरेकडील कांताब्रिया भागात याच जातीचे काप नाताळात होतात, बिल्बाओकडे कार्निव्हलच्या दिवसांत. पोर्तुगालमध्ये राबानादा नाताळात खातात. पदार्थ तोच, पंचांग वेगळे.

६. ‘गरिबांचा पदार्थ’ म्हणजे कोणत्या गरिबांचा?

तिसऱ्या विधानाकडे येऊ. पुन्हा ‘लासारिल्यो’ उघडा. मुलाचा दुसरा मालक एक कंजूष पाद्री असतो. तो घरातला पाव एका जुन्या पेटीत कुलूप लावून ठेवतो. उपासमार झालेला मुलगा चोरून किल्ली मिळवतो आणि पुढे उंदरांनी कुरतडल्यासारखे भासवून पावाचे कण खातो. १६ व्या शतकातील गरिबीचे याहून बोलके चित्र मिळणे कठीण. या मुलाच्या जगात पाव शिळा होण्याइतका उरतच नाही. पाव उरण्यासाठी आधी तो पुरून उरावा लागतो. म्हणून ‘शिळ्या पावाचा पदार्थ’ आणि ‘गरिबांचा पदार्थ’ ही दोन वाक्ये समान नाहीत. शिळा पाव शिल्लक असणे हे अगदी दरिद्री नव्हे, पण काटकसरीने चालणाऱ्या घराचे लक्षण आहे.

दुसरा पुरावा पुन्हा सालामांकाचाच. दोमिंगो एर्नांदेस दे मासेरास हा तेथील ओव्हिएदो या विद्यार्थिनिवास-महाविद्यालयाचा आचारी. आजच्या भाषेत कॉलेजच्या मेसचा मुख्य स्वयंपाकी म्हणा. त्याचे पाकपुस्तक १६०७ मध्ये सालामांकात छापले गेले. चारच वर्षांनी, १६११ मध्ये, राजवाड्यातील आचारी फ्रान्सिस्को मार्तिनेस मोन्तिन्यो याचे मोठे पाकपुस्तक माद्रिदमध्ये आले. तोरिखांच्या छापील कृतींत या दोन पुस्तकांतील कृती सर्वांत आरंभीच्या मानल्या जातात. एक महाविद्यालयाचे स्वयंपाकघर, दुसरे राजाचे. यांतले कोणतेही घर दरिद्री नव्हते.

आता टेबलावर उरलेले दोन भाग पाहू : साखर आणि दालचिनी. १४९६ च्या गीतात मध होता. आज तोरिखा साखरेत घोळतात. या बदलामागे एक मोठा इतिहास आहे. उसाची लागवड अरबांबरोबर स्पेनच्या दक्षिणेत आली आणि १० व्या शतकापर्यंत तिथे स्थिरावली. १५ व्या शतकात पोर्तुगिजांनी मदेइरा बेटावर, पुढे स्पॅनिशांनी कॅनरी बेटांवर उसाचे मळे उभे केले. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून ऊस कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर नेला. १६ व्या शतकात तेथे साखरेचे कारखाने सुरू झाले. मळ्यांवर राबणारी माणसे आधी तेथील मूळ रहिवासी आणि लवकरच आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले लोक होती. युरोपच्या घराघरांत साखर पोहोचली ती या श्रमावर. तोरिखेवरील साखरेचा पांढरा थर पाहताना हा हिशेब विसरता येत नाही.

साखरेत आपला एक खरा दुवा आहे. संस्कृत ‘शर्करा’ हा शब्द फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ आणि अरबी उपपद जोडून स्पॅनिशमध्ये ‘असूकार’ झाला. आपली ‘साखर’ आणि स्पेनची ‘असूकार’ या एकाच शब्दाच्या लेकी आहेत. एक घरीच राहिली, दुसरी अरबी व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेली.

दालचिनीचीही अशीच कथा. उत्तम दालचिनी श्रीलंकेची. ती अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून युरोपात जाई. १६ व्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज श्रीलंकेत पोहोचले आणि त्यांनी या व्यापारावर पकड बसवली. त्यांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी गोवा होती. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. म्हणजे सालामांकाच्या आचाऱ्याने १६०७ मध्ये पुस्तक छापले, तेव्हा सालामांका आणि गोवा एकाच राजाच्या अमलाखाली होते. आपण मराठीत ‘पाव’ म्हणतो तो शब्दही पोर्तुगिजांकडूनच आला आहे.

साखर आणि दालचिनी स्वस्त झाल्यावरच आजची तोरिखा सामान्य घरात रोजच्या आवाक्यातली झाली. तोपर्यंत ‘गरिबांचा पदार्थ’ हे वर्णन तिला पूर्णपणे लागू पडत नव्हते.

७. उपासमारीची वर्षे आणि आजची तोरिखा

२० व्या शतकात काटा पुन्हा उलटा फिरला. स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ असे यादवी युद्ध झाले. १९३९ मध्ये शिधापत्रिका आल्या आणि त्या १९५२ पर्यंत राहिल्या. शिध्याचा पाव काळपट, निकृष्ट आणि अपुरा असे. पांढरा पाव चैनीची वस्तू ठरला. काळ्या बाजारात तो मिळे, पण पैसे मोजून. अशा काळात पाव शिळा होईपर्यंत कोण ठेवणार? ज्या पिढीने ती वर्षे काढली, तिच्या दृष्टीने पांढऱ्या पावाची, खऱ्या दुधाची, अंड्याची तोरिखा म्हणजे दिवस बरे आल्याची खूण होती. जमिनीवर पडलेला पावाचा तुकडा उचलून त्याचे चुंबन घेण्याची रीत स्पेनच्या अनेक घरांत होती. अन्न पायाखाली येऊ नये ही आपल्या आजी-आजोबांची शिकवण आठवा, म्हणजे तिचा अर्थ कळेल.

आणि आज? उपवासकाळ आला की स्पेनमधील बेकऱ्या आणि सुपरमार्केट ‘तोरिखांचा पाव’ म्हणून खास पाव विकतात. तो घट्ट पोताचा असतो आणि याच कामासाठी भाजलेला असतो. शिळा पाव संपवण्यासाठी केला जाणारा पदार्थ करता यावा म्हणून आता नवा पाव भाजला जातो. पदार्थ तोच राहिला, त्याचे कारण बदलले. आपण ज्याला ‘परंपरा’ म्हणतो तिच्यात असे बदल आत दडलेले असतात.

नावांमध्येही हा फरक दिसतो. फ्रेंच भाषक अशा पदार्थाला ‘वाया गेलेला पाव’ या अर्थाचे नाव देतात, जर्मन भाषक ‘गरीब सरदार’ म्हणतात. स्पॅनिशमधील ‘तोरिखा’ हा शब्द ‘भाजणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. म्हणजे फ्रेंच नाव तोटा सांगते, जर्मन नाव दारिद्र्य सांगते, पोर्तुगीज नाव बाळंतपण सांगते आणि स्पॅनिश नाव केवळ कृती सांगते.

८. थोडक्यात

आपण तीन विधाने घेऊन निघालो होतो. ‘ननांनी १५ व्या शतकात शोध लावला’ हे विधान अपिकियसपुढे टिकत नाही. ‘मुळात उपवासाचा पदार्थ’ हे विधान मध्ययुगीन उपवासाचे नियम आणि १४९६ चे गीत यांच्यापुढे टिकत नाही. ‘गरिबांचा पदार्थ’ हे विधान काही काळापुरते आणि काही घरांपुरते खरे आहे; पण कोणत्या काळी, कोणत्या घरी, हे सांगितल्याशिवाय ते अपुरे राहते. भुकेल्या माणसाकडे शिळा पाव नसतो, ही साधी गोष्ट ते वाक्य झाकून टाकते. एखाद्या पदार्थाला कौतुकाने ‘गरिबांचे खाणे’ म्हणताना आपण खऱ्या गरिबाला त्या चित्रातून बाहेर तर काढत नाही ना, हे तपासायला हवे. हा प्रश्न स्पेनपुरता नाही.

घरचा प्रयोग

सुट्टीत एक प्रयोग करा. एकाच पावाचे चार काप घ्या. दोन काप अपिकियसच्या पद्धतीने करा : दुधात भिजवा, अंड्याशिवाय तळा, वर मध घाला. जे अंडी खात नाहीत त्यांनी एवढ्यावर थांबले तरी चालेल. ती पद्धतही जुनी आणि अस्सल आहे. अंडे नसल्याने काप नीट निथळू द्या, नाहीतर तेल उडते. उरलेले दोन काप वर दिलेल्या स्पॅनिश कृतीने करा. दोन्हींतील तेलाचे शोषण, कवच आणि आतला मऊपणा यांची नोंद ठेवा.

विचारासाठी प्रश्न

१. अंड्याच्या कवचामुळे तळण्यात नेमका काय फरक पडला? तुमच्या नोंदींच्या आधारे लिहा.

२. कविता किंवा कादंबरी यांचा ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग करताना कोणती काळजी घ्यावी? या टिपणातील दोन उदाहरणे घेऊन स्पष्ट करा.

३. तुमच्या भागातील ‘शिळ्याचा’ एक पदार्थ निवडा, उदाहरणार्थ फोडणीची पोळी किंवा रात्रीच्या भाताचा एखादा प्रकार. त्यातील प्रत्येक घटक तुमच्या घरात केव्हापासून सहज मिळू लागला, हे घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा आणि उत्तरे तारखांसह लिहून काढा. तुमच्या हाती इतिहासाचे एक नवे साधन आलेले असेल.